घरातील चित्रगृह

खेळ घरी मांडण्याची हौस मराठी माणसाला नवी नाही. लुमिएर बंधूंच्या माणसांनी ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात हलती चित्रे दाखविली, त्याच्या आधीच कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी काचेवर रंगविलेल्या आकृती दिव्याच्या झोताने पडद्यावर उमटवून ‘शांबरिक खरोलिका’ या भारदस्त नावाचे प्रयोग सुरू केले होते. आणि काचा रंगविण्यापासून प्रयोग करण्यापर्यंतचे ते सारे काम एका कुटुंबाचे होते. पुढे १९१२ साली दादासाहेब फाळके विलायतेहून कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा त्यांचा कारखाना म्हणजे दादरचे राहते घरच होते. दिवसाचा स्वयंपाकपाणी उरकून सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून फिल्मच्या कडांना भोके पाडीत. म्हणजे आपल्याकडे चित्रपट प्रथम घरात जन्मला आणि मग चित्रगृहात गेला. शंभराहून अधिक वर्षांनी तो पुन्हा घरी बिऱ्हाड करू पाहत आहे.

मधल्या काळात दूरदर्शन आले. दिल्लीला ते १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले, मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पण दूरदर्शनच्या संचाने घरातली एखादी खोली कधी मागितली नाही. त्याला बैठकीतला एक कोपरा पुरला. हल्लीची होम थिएटरची कल्पना वेगळी आहे. मुलगा नोकरीनिमित्त परगावी जातो, मुलगी सासरी जाते, सदनिकेतील एक खोली रिकामी पडते, आणि मग घरात विचार सुरू होतो की या खोलीत एक पडदा लावावा, चांगले स्पीकर बसवावेत आणि चार माणसांनी मिळून सिनेमा पाहावा. महाराष्ट्रात राहणाऱ्याला ही चैन वाटेल. परंतु चेन्नईला किंवा गुवाहाटीला राहणाऱ्या मराठी कुटुंबाचा विचार करावा. तेथे मराठी चित्रपट गावात लागण्याची शक्यता थोडी. महाराष्ट्र मंडळाने एखादा खेळ ठरविला तर ठरविला. अशा घरात वडील किंवा आई गावाकडचे घर बंद करून मुलाकडे राहावयास आलेली असते. शेजारपाजारची भाषा कळत नाही, वर्तमानपत्राची अक्षरे दिसत नाहीत. त्या माणसाला ही खोली म्हणजे आठवड्यातून दोन-तीन तास मायबोलीत बसण्याची जागा होऊ शकते. मात्र त्याला पडद्यावरचे बोलणे कळले पाहिजे. आणि नेमके येथेच बहुतेक खोल्या फसतात.

त्या फसण्याचे कारण खरेदीच्या क्रमात आहे. गृहस्थ प्रथम दुकानात जातो. तेथे काळ्या पेट्यांची रांग मांडलेली असते, विक्रेता एखादी स्फोटाची दृश्यमालिका लावतो, छाती हादरते आणि पैसे मोजले जातात. पेट्या घरी येतात, नव्या फरशीच्या आणि गुळगुळीत गिलाव्याच्या खोलीत मांडल्या जातात, आणि पहिल्याच रात्री लक्षात येते की स्फोट उत्तम ऐकू येतात, पण नायिका काय म्हणाली ते समजत नाही. मग आवाज वाढविला जातो. तरीही समजत नाही. वर शेजारी दार वाजवितात. पुढच्या खेपेला आणखी महाग पेट्या येतात. दोष पेट्यांचा नसतो, खोलीचा असतो. खोली हेही एक वाद्यच आहे. तंबोऱ्याचा भोपळा जसा तारेच्या आवाजाला आकार देतो, तशा चार भिंती, जमीन आणि छत मिळून स्पीकरच्या आवाजाला आकार देतात; आणि हा भोपळा कोणी तपासून घेतलेला नसतो.

ही गोष्ट शास्त्राच्या कक्षेत आणण्याचे श्रेय वॉलेस क्लेमेंट सॅबिन या अमेरिकन प्राध्यापकाला जाते. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह उघडले आणि त्यात कोणाचेच व्याख्यान कोणाला समजेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत राही. तेवढ्यात वक्त्याचे आणखी दहा-पंधरा शब्द त्यावर येऊन आदळत. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी हे दुखणे पदार्थविज्ञान विभागातील या सत्तावीस वर्षांच्या तरुणावर सोपविले. त्याच्यापाशी साधने तरी काय? ऑर्गनची एक नळी, वेळ मोजण्याचे घड्याळ आणि स्वतःचे दोन कान. दिवसा रस्त्यावरची रहदारी आड येई म्हणून प्रयोग रात्री चालत. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या मदतनिसांसह उचलून आणावयाच्या, एकेक करून सभागृहात मांडावयाच्या, प्रत्येक वेळी नळी वाजवून ती बंद झाल्यावर आवाज किती वेळ ऐकू येतो ते मोजावयाचे, आणि सकाळ होण्यापूर्वी साऱ्या गाद्या जेथल्या तेथे पोचवावयाच्या. निरीक्षकाच्या अंगावरील कपड्यांनीसुद्धा मोजणीत फरक पडतो हे ध्यानात आल्यावर सॅबिनने प्रयोगाचा पोशाखही ठरवून टाकला. सगळ्या गाद्या मांडल्यावर तो साडेपाच सेकंदांचा निनाद एका सेकंदाच्या आसपास उतरला. या काही वर्षांच्या जागरणातून जे सूत्र निघाले, ते आजही वास्तुशिल्पी वापरतात, आणि त्याच्या आधारे आखलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल १९०० साली उघडले, ते जगातील उत्तम संगीतगृहांपैकी एक मानले जाते.

सूत्र इतके सोपे आहे की ते कोणत्याही गृहस्थाने वहीच्या पाठीवर मांडावे. खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये काढावे, त्याला ०.१६१ ने गुणावे, आणि खोलीतील सर्व पृष्ठभाग मिळून जितका आवाज शोषून घेतात त्या आकड्याने भागावे. उत्तर येते ते निनादाचे सेकंद. निनाद म्हणजे आवाज बंद झाल्यावर त्याची तीव्रता दशलक्षांशावर येण्यास लागणारा वेळ. सदनिकेतील एक खोली घेऊ: लांबी ५ मीटर, रुंदी साडेतीन, उंची पावणेतीन. घनफळ सुमारे ४८ घनमीटर, आणि सर्व पृष्ठभाग मिळून सुमारे ८२ चौरस मीटर. फरशी, गिलावा आणि काच आपल्यावर पडलेल्या आवाजापैकी शेकडा दोन-तीन टक्केच शोषतात, बाकीचा परत फेकतात. म्हणजे रिकाम्या खोलीचे एकूण शोषण जेमतेम अडीच चौरस मीटर, आणि निनाद तीन सेकंदांच्या वर. विजापूरचा गोलघुमट पाहावयास जाणारे लोक तेथे टाळी वाजवून तिचे पडसाद मोजतात. नव्या सदनिकेत राहावयास जाणारे लोक लहानसा घुमट विकतच घेतात, फक्त टाळी वाजवून पाहत नाहीत.

बोलणे स्वच्छ कळावयाचे तर अशा लहान खोलीत निनाद सेकंदाच्या चार दशांशांपर्यंत आणावा लागतो. त्यासाठी एकूण शोषण वीस चौरस मीटरच्या घरात हवे. ते जमते कसे पाहा. सोफा आणि त्यावर बसलेली चार माणसे मिळून दोन-अडीच. चुण्या पाडलेला जाड पडदा आठ चौरस मीटर लावला तर चार. जमिनीवर दहा चौरस मीटरचा जाड गालिचा, त्याचे सुमारे तीन. उरलेल्या आठ-नवासाठी भिंतींवर दहा चौरस मीटरभर दोन इंच जाडीचे रॉकवूलचे तक्ते, कापडाने मढवून. खर्च एखाद्या मध्यम प्रतीच्या स्पीकरहून फारसा अधिक नाही. जुन्या वाड्यातील दिवाणखान्यात सतरंज्या, गाद्या, तक्के आणि लोड असत, छत लाकडी असे. तेथे गाणे का रंगे त्याचे एक कारण वहीच्या पाठीवर सापडते.

वृद्धांच्या बाबतीत या आकड्याला विशेष महत्त्व आहे. वय वाढते तसा कान प्रथम बारीक, उंच पट्टीचे आवाज गमावतो. आपल्या भाषेतील स्वर हे खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात. स, श, त, ट, फ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत आणि दुबळी. वृद्ध माणसाला ‘आवाज येतो पण शब्द कळत नाही’, ही तक्रार घरोघरी असते आणि घरातील मंडळी तिची थट्टाही करतात. वस्तुतः ती तक्रार अक्षरशः खरी असते. स्वर पोचतात, व्यंजने पोचत नाहीत. त्यात खोली घुमत असेल तर आधीच्या स्वराचा निनाद पुढच्या व्यंजनाला झाकून टाकतो. अशा वेळी आवाज मोठा केल्याने स्वर आणि निनाद दोन्ही तितक्याच प्रमाणात मोठे होतात, व्यंजन होते तेथेच झाकलेले राहते. म्हणून म्हाताऱ्या माणसाला सिनेमा समजत नसेल तर पहिला उपाय आवाजाची कळ फिरविणे हा नव्हे, तर भिंतीवर कापूस चढविणे हा होय. पुढचे उपाय सोपे आहेत: मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने चढवावी, आणि मराठी उपशीर्षके मिळत असतील तर ती लावण्यात कमीपणा मानू नये.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पातळ गालिचा आणि पातळ पडदा यांनी बारीक आवाजच शोषले जातात; खर्ज तसाच राहतो. सेकंदाला शंभर कंपने असलेल्या स्वराची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते. अर्ध्या इंचाच्या कापडाची तिला पर्वा नसते. त्यामुळे उत्साहाच्या भरात सर्व भिंती पातळ फोमने मढविणाऱ्याची खोली डबक्यासारखी होते: वरचे सगळे मेलेले, खालचे सगळे गुरगुरणारे. तक्ते जाड असावेत, भिंतीपासून दोन-तीन इंच सुटे ठेवावेत, आणि कोपऱ्यांत त्याहून जाड असावेत, कारण खर्ज कोपऱ्यांत साचतो. अंड्यांचे ट्रे भिंतींना चिकटविण्याची जी प्रथा कॉलेजातील मुलांपासून लहान ध्वनिमुद्रण-खोल्यांपर्यंत सर्वत्र दिसते, तिचा या बाबतीत उपयोग नगण्य आहे, आणि आगीच्या दृष्टीने ती घातक आहे.

खर्जाची दुसरी खोड खोलीच्या मापांत असते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ५ मीटर अंतर असेल तर सेकंदाला ३४ कंपनांचा स्वर त्यांच्यामध्ये बरोबर बसतो आणि फुगतो. साडेतीन मीटरच्या अंतरात ४९ कंपनांचा, पावणेतीन मीटरच्या उंचीत ६२ कंपनांचा. तीन स्वर तीन जागी विखुरलेले आहेत, हे त्या खोलीचे भाग्य. याउलट साडेपाच मीटर लांब, पावणेतीन मीटर रुंद आणि तितक्याच उंचीची खोली घ्यावी. तिथे लांबीचा दुसरा, रुंदीचा पहिला आणि उंचीचा पहिला असे तिन्ही स्वर एकाच ६२ कंपनांवर येऊन बसतात. अशा खोलीत ढोल वाजला की एकच सूर बोंबलतो आणि बाकीचे गप्प राहतात. घरात दोन खोल्यांपैकी एक निवडावयाची असेल तर चौरस खोली, किंवा लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट असलेली खोली, देवघराला किंवा पाहुण्यांना द्यावी.

खर्जाच्या पेटीची, म्हणजे सबवूफरची, जागा ठरविण्याची एक युक्ती आहे; ती हास्यास्पद दिसते, पण अचूक आहे. पेटी प्रथम प्रेक्षकाच्या आसनावरच ठेवावी, एखादे खर्जाचे गाणे लावावे, आणि गृहस्थाने भिंतीच्या कडेकडेने रांगत जाऊन ऐकावे. जेथे खर्ज सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल तेथे पेटी ठेवावी आणि आपण आसनावर जाऊन बसावे. ध्वनीचा मार्ग दोन्ही दिशांनी सारखाच असल्याने हिशेब जुळतो. नातवंडे घरात असतील तर हे काम त्यांच्याकडे सोपविता येते.

आता शेजाऱ्यांकडे वळू. आवाज शोषणे आणि आवाज अडविणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, आणि या दोहोंच्या गल्लतीत जेवढा पैसा वाया जातो तेवढा अन्य कशात जात नसेल. कापूस, फोम, पडदे यांनी खोलीतला आवाज सुधारतो; पलीकडच्या खोलीत जाणारा आवाज त्यांनी फारसा थांबत नाही. तो थांबवितो तो वजनदारपणा आणि फटींचा अभाव. साडेचार इंची विटेची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत बोलण्याच्या पट्टीतील आवाज सुमारे ४५ डेसिबलने कमी करते. पण तिच्यातील दाराखाली आणि भोवती मिळून क्षेत्रफळाच्या शंभराव्या हिश्शाइतकी फट राहिली तर ती सारी भिंत २० डेसिबलच्या पलीकडे जाऊ शकत नाही. रबरी पट्टी आणि दाराच्या तळाची झडप यांना शे-दोनशे रुपये लागतात. लोक त्या विसरतात आणि भिंतींवर हजारो रुपयांचा फोम चढवितात.

चित्रगृहाच्या मानकानुसार एका मुख्य स्पीकरचा कमाल आवाज १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. त्यातून भिंतीचे ४५ वजा केले तरी ६० उरतात. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. खाजगी ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर त्या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षा अधिक असता कामा नये. हे नियम मिरवणुकींसाठीच आहेत असा समज सार्वत्रिक आहे, आणि तो चूक आहे. शिवाय आकड्यांपलीकडेही एक गोष्ट आहे. खर्ज भिंतीतून आणि स्लॅबमधून सरळ उतरतो. वरच्या मजल्यावर रणांगण पेटले असता खालच्या मजल्यावर कोणी रात्रपाळी करून झोपलेला असतो, कोणी परीक्षेला बसणार असतो, कोणाच्या घरी आजारी माणूस असते. सबवूफर जमिनीवर तसाच न ठेवता जाड रबरावर ठेवावा, आणि दहानंतर तो सरळ बंद करावा. बोलपट त्याच्यावाचून अडत नाही.

स्पीकर कोठे ठेवावेत याचे उत्तर समजून घ्यावयाचे तर १९३१ सालापर्यंत मागे जावे लागते. ॲलन ब्लूमलीन या इंग्रज अभियंत्याला बोलपट पाहताना असे खटकले की नट पडद्यावर उजवीकडून डावीकडे चालतो, पण त्याचा आवाज मात्र एकाच जागी खिळलेला राहतो. त्या वर्षीच्या डिसेंबरात त्याने जो पेटंट-अर्ज केला त्यातून द्विध्वनी, म्हणजे स्टिरिओ, पुढे आला. दोन स्पीकरांमध्ये आवाज कोठेही उभा करता येतो, पण तो भास मध्यभागी बसलेल्यालाच होतो. कडेला बसलेल्याला तो आपल्या जवळच्या पेटीकडे सरकलेला ऐकू येतो. म्हणून चित्रपटाला पडद्याच्या मध्याशी तिसरा स्पीकर लागतो, आणि चित्रपटातील जवळजवळ सर्व बोलणे त्यातूनच येते. पाच स्पीकर आणि एक खर्जपेटी ही जी व्यवस्था ५.१ या नावाने ओळखली जाते, तिच्यात सर्वांत महत्त्वाचा तो हा मधला. दुर्दैवाने घरोघरी तोच सर्वांत लहान असतो आणि कपाटाच्या फळीत कोंबलेला असतो. तो प्रेक्षकाच्या कानाच्या उंचीच्या जमेल तितका जवळ असावा. डावा आणि उजवा हे आसनापासून पाहता मधल्याच्या दोन्ही बाजूंना तीस-तीस अंशांवर, आणि मागचे दोन कानांच्या किंचित मागे, एकशेदहा अंशांच्या सुमारास. अंतरे समान नसली तर यंत्रात दुरुस्ती करता येते; दर ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद, इतका तो हिशेब आहे. बाजूच्या भिंतीवरून आवाज परावर्तित होऊन कोठे येतो हे शोधावयाचे तर एकाने भिंतीवर आरसा सरकवीत न्यावा आणि दुसऱ्याने आसनावर बसून पाहावे. ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल त्या जागी तक्ता लावावा.

या सर्व व्यवस्थेशी ज्यांचे नाव जोडले गेले त्या रे डॉल्बींचे भारताशी नाते होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९६३ ते १९६५ या काळात ते युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते, आणि चंदीगढच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत काम करीत. फावल्या वेळात ते भारतीय संगीत टेपवर मुद्रित करीत. टेपची खरखर कमी करण्याची कल्पना त्यांच्या मनात याच मुक्कामात आकाराला आली. १९६५ साली त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा काढली. त्यांच्या कंपनीची पाच-अधिक-एक वाटांची डिजिटल पद्धत चित्रपटगृहात १९९२ साली पोचली, आणि तेथून घरात.

पण जुन्या मराठी चित्रपटांना ही सहा वाटांची श्रीमंती नको असते. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ किंवा १९३६ चा ‘संत तुकाराम’ यांचा ध्वनी एकाच पट्टीवर मुद्रित झालेला आहे. तो मधल्या एका स्पीकरमधून ऐकावा. यंत्रावर ‘हॉल’, ‘स्टेडियम’ असली नावे असलेल्या कळा असतात. त्या दाबल्या की यंत्र आपल्या मनाचा निनाद त्यात मिसळते, आणि इतक्या कष्टाने भिंतींतून हाकललेला घुमट पुन्हा खोलीत येऊन बसतो. चित्राचेही तसेच. त्या काळचे चित्र जवळजवळ चार-तीन प्रमाणाचे आहे. आजच्या रुंद पडद्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. त्या राहू द्याव्यात. पडदा भरावा म्हणून चित्र ताणणारे लोक विष्णुपंत पागनीसांना लठ्ठ करून पाहतात. ‘सैराट’ या २०१६ च्या चित्रपटाची गोष्ट निराळी. अजय-अतुल यांनी त्याचे संगीत लॉस एंजेलिसला सिंफनी वाद्यवृंदासह मुद्रित करविले आहे, आणि तेथे सर्व स्पीकर आपला खर्च वसूल करून देतात.

पडद्याविषयी थोडक्यात. शंभर इंची पडदा म्हणजे कर्ण शंभर इंच. त्याची रुंदी सुमारे २२१ सेंटिमीटर आणि उंची १२५. तो तीन मीटरांवरून पाहिला तर दृष्टीचा चाळीस अंशांचा कोन भरतो, चार मीटरांवरून तीस अंशांचा. या दोहोंच्या मध्ये आसन असावे; याहून जवळ बसल्यास मान फिरवावी लागते. प्रोजेक्टर विकणारे हजारो लुमेनच्या गोष्टी सांगतात. डिजिटल चित्रगृहाचे मानक पडद्याच्या दर चौरस मीटरला ४८ कँडेला इतकी उजळता मागते. साध्या पांढऱ्या शंभर इंची पडद्याला त्यासाठी सव्वाचारशेच्या आसपास लुमेन पुरतात. दिवा काळाने मंदावतो म्हणून दुप्पट घ्यावेत. त्यापुढचे लुमेन हे खोलीतल्या उजेडाशी भांडण्यासाठी असतात. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. पडद्यावरचा काळा म्हणजे त्या जागी प्रकाश न पडणे, एवढेच. छत पांढरेशुभ्र असेल तर पडद्याचा उजेड त्यावरून उलटून पुन्हा पडद्यावर येतो आणि काळी रात्र राखाडी होते. तेव्हा पडद्याजवळचे छत आणि भिंती मंद, गडद रंगाच्या असाव्यात. ज्यांना घरात काळोख करता येत नाही किंवा रुचत नाही, त्यांनी प्रोजेक्टरच्या मागे न लागता मोठा दूरचित्रवाणी संच घ्यावा हे बरे.

विजेची अर्थिंग नीट नसली की स्पीकरांतून पन्नास कंपनांची भुणभुण ऐकू येते. सर्व यंत्रे एकाच ठिकाणाहून वीज घेतील असे पाहावे. कोकणपट्टीत पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी यंत्र चालू करावे. वातानुकूलन यंत्र गोंगाट करणारे असेल तर हळू संवाद त्यातच बुडतात.

बंद खोलीत कापड, फोम, तारा आणि गरम होणारी यंत्रे एकत्र येतात, ही गोष्ट मात्र थोडक्यात सोडता येत नाही. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रगृहात ५९ माणसे दगावली, ती मुख्यतः धुराने गुदमरून. वाढीव खुर्च्यांनी बाहेर पडण्याच्या वाटा अडल्या होत्या. घरातल्या खोलीला तर बहुधा एकच दार असते आणि खिडकी पडद्याने झाकलेली. पॉलियुरेथेनचा फोम झपाट्याने पेटतो आणि विषारी धूर सोडतो. त्याऐवजी न पेटणारे रॉकवूल वापरावे. तारा कापडामागून नेऊ नयेत. मोठी आसने दारापासून दूर ठेवावीत, खिडकीचा पडदा हाताने एका झटक्यात बाजूला होईल असा असावा, आणि काठी घेऊन चालणाऱ्या माणसाची जागा दाराच्या बाजूला असावी.

सर्व झाल्यावर खोलीची परीक्षा स्फोटांनी घेऊ नये. एखादा जुना, संवादप्रधान मराठी चित्रपट लावावा, आवाज बेताचा ठेवावा, खर्जपेटी बंद करावी, आणि घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसाला त्याच्या नेहमीच्या जागेवर बसवावे. दहा मिनिटांनी चित्र थांबवून शेवटचे वाक्य काय होते ते विचारावे. सांगता आले तर ठीक. न आले तर आवाजाच्या कळीला हात न लावता समोरच्या उघड्या भिंतीवर घरातील एक जाड गोधडी टांगावी आणि तेच वाक्य पुन्हा ऐकवावे.